किटलीतून सबलीकरण

कलेच्या माध्यमातून तरुणींचं मन सांभाळावं आणि त्यांना स्वतःच्या पायावर उभं करावं, या दुहेरी उद्देशाने आमचं केंद्र स्थापन झालं. उद्देश दोन आणि खोली एक, म्हणून सकाळी मन आणि दुपारी करिअर अशी विभागणी करण्यात आली. समन्वयक या नात्याने ती मीच केली. तिच्याबद्दल आजवर एकाही पदाधिकाऱ्याची तक्रार आलेली नाही.

खोलीत मातीकामाची चाकं आहेत, मातीची पोती आहेत आणि कोपऱ्यात विजेची भट्टी आहे. भट्टी तेव्हा नवीकोरी होती, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा आम्ही काढलेलं नव्हतं. मातीचं भांडं भाजल्याशिवाय भांडं होत नाही हे आम्हालाही ठाऊक होतं. पण वापरून झालेल्या वस्तूचं उद्घाटन कोणत्या तोंडाने करणार?

त्या मुलीला तिची आत्या घेऊन आली. मुलगी चांगली हसतीखेळती होती, त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच अडचण उभी राहिली.

"तुला नेमका त्रास काय होतो?" सकाळच्या मॅडमनी विचारलं. त्या समुपदेशक आहेत आणि इतक्या हळू बोलतात की समोरच्याला आपोआप आजारी वाटू लागतं.

"भट्टी नाही," मुलगी म्हणाली. "कारखान्याचे मालक म्हणालेत, एक किटली करून आण. झाकण नीट बसलं पाहिजे, तोटी गळता कामा नये. आणलीस तर महिनाअखेरीपासून कामाला ये. किटली मी करते हो मॅडम, पण भाजू कुठे?"

मॅडमनी डोळे मिटले. "आतली ऊब हरवली आहे हिची."

"आतली नाही हो बाई, भट्टीची!" आत्या म्हणाली.

प्रवेश मंजूर झाला.

मॅडमचं तत्त्व असं की प्रक्रिया महत्त्वाची, वस्तू नाही. म्हणून सत्राच्या शेवटी सगळ्या मुली दीर्घ श्वास घेतात आणि जे केलं असेल ते स्वतःच्या हाताने मोडतात. मुलीने पहिल्याच सकाळी किटली केली. झाकण ठेवलं तर असं अलगद बसलं की मीदेखील दोनदा उघडून पाहिलं.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "आता मोड."

"का?"

"तुझा जीव अडकलाय तिच्यात."

"अडकणारच की. मी केलीय ती."

मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. प्रकरण वाटलं होतं त्याहून गंभीर निघालं होतं. किटली मोडण्यात आली.

दुपारी करिअरचे सर आले. "तयार काम दाखव."

"सकाळी मोडलं सर."

"मग कसं होणार तुझं?" सर कळवळून म्हणाले. ते मनाने फार चांगले आहेत. त्यांनी तिला आरशासमोर उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायला शिकवलं, हातात हात कसा द्यावा ते शिकवलं आणि तिचं व्हिजिटिंग कार्डही छापून घेतलं.

"कार्ड झालं सर. किटली कधी?"

"आधी ब्रँड, बाळ. किटली काय, कुणीही करतं."

रोज हेच चाललं. शेवटी मुलगी माझ्याकडे आली. मी ताबडतोब दोन्ही विभागांची संयुक्त बैठक बोलावली. मॅडम आणि सर एकमेकांना तिथेच पहिल्यांदा भेटले. चर्चा अत्यंत खेळीमेळीत झाली आणि मध्यममार्ग निघाला: किटली मन विभागाने मोडावी, झाकण करिअर विभागासाठी मुलीने जपून ठेवावं. दोन्ही विभागांचा मान राहिला, यापेक्षा न्याय्य काही मला तरी सुचलं नसतं.

महिनाअखेर जवळ आली तोवर मुलीजवळ खोकाभर झाकणं जमली होती. सर त्यांचं वैविध्य पाहून खूश होते. मुलीचं हसणं बंद झालं होतं, तेव्हा मॅडमही खूश होत्या. "बघा, आता कशी मोकळी होतेय," त्या म्हणाल्या.

अशात भट्टीच्या उद्घाटनाचा योग आला. 'तरुणींचं मन ओळखताना' या विषयावर दोन दिवसांची परिषद ठरली आणि आमच्या खोलीचं सभागृह झालं. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून तरुणींना भिंतीशी पुष्पगुच्छ धरून उभं केलं. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, भट्टी सुरू झाली. ती बंद कशी करायची हे मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ती मुलगी दिवसभर भट्टीशी उभी राहून काहीबाही फिरवत होती. पाहुण्यांना वाटलं, शोभेसाठी ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी समारोपाला भट्टी उघडली, तर आत किटली! घरी करून आणलेली, गुपचूप आत ठेवलेली. तांबूस, अखंड, कुठे तडा नाही. मुलीने पाण्याची बाटली तीत रिकामी केली, तोटीने पाणी ओतून पाहिलं. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. ती खदखदून हसली. सगळ्या महिन्यात तिला इतकं आनंदी मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

तेवढ्यात कळलं की पाहुण्यांसाठी मागवलेलं स्मृतिचिन्ह आलेलंच नाही. अशा वेळी माणसाचं प्रसंगावधान दिसतं. मी किटली तिच्या हातातून घेतली, पुसली आणि व्यासपीठावर पाहुण्यांना अर्पण केली.

मुलगी धावत वर आली. "सर, माझी आहे ती. उद्या दाखवायचीय मला. द्या ना!"

माइक चालू होता. सभागृहाला एवढं उत्कट मनोगत अपेक्षित नव्हतं. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि किटली गाडीत ठेवायला पाठवली. मॅडम डोळे पुसत माझ्या कानाशी म्हणाल्या, "आलं बरं का तिला सोडून द्यायला."

पुढचं मला आत्याने फोनवर सांगितलं. मुलगी दुसऱ्या दिवशी झाकणांचं खोकं घेऊन कारखान्यात गेली.

"किटली कुठाय?" मालकांनी विचारलं.

"पाहुण्यांना दिली."

"मग त्यांनाच पाठव कामाला."

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. यानंतर आत्या जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तिलाही सकाळच्या सत्राला या म्हणून सुचवलं आहे.

मुलगी आता मातीला हात लावत नाही. येते, चाकाजवळ बसते, वेळ संपली की जाते.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. मला चार शिव्या देऊन झाल्या असतील आणि त्यानंतर थोडं हलकंही वाटलं असेल. संकोचू नका. सभागृहातल्यांनाही घरी जाताना अगदी तसंच वाटत होतं. केंद्रामुळे किती जणांचं मन हलकं झालं, हा आकडा आम्ही वार्षिक अहवालात देतो, आणि यंदा त्यात तुम्हालाही धरलं आहे. मुलीला धरायचं की नाही, यावर अजून बैठक व्हायची आहे.