लॉगआउटचा ‘येतो’

आमचा जयवंत बटणांना वळण लावायचा. कामच ते त्याचं. डहाणूत औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर आमची इवलीशी कंपनी होती, मोबाइलवरून पैसे पाठवायचं ॲप बनवणारी. गिऱ्हाइकाला पडद्यावर जे दिसतं ते सगळं जयवंत करायचा, आणि त्यातल्या चुका काढायला मी. नोटाबंदीनंतरचे दिवस; जो तो ॲपच्या मागे लागलेला.

‘पैसे पाठवा’ हे जयवंतला उद्धट वाटायचं. तो लिहायचा, ‘पाठवता का?’ पासवर्ड चुकला की पडद्यावर यायचं, ‘असू दे, होतं असं.’ मी कपाळाला हात लावायची, तर हा शांतपणे म्हणायचा, “ताई, आपल्याकडे आलेलं माणूस आहे ते.”

कहर झाला तो लॉगआउटपाशी. सगळं जग तिथे ‘बाहेर पडा’ लिहितं. हा म्हणे, घरी आलेल्याला बाहेर पड म्हणतात का? निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो, आपले गुजराती शेजारीसुद्धा ‘आवजो’च म्हणतात. झालं, बटणावर ‘येतो’ आलं. मी म्हटलं, आणि बायकांनी काय करायचं? दुसऱ्या दिवशी बायकांच्या खात्यात ‘येते’. नवरा-बायकोचं एकत्र खातं असेल तर ‘येतो आम्ही’. धन्य!

तलासरीच्या एका आजोबांनी ते बटण दाबलं आणि कंपनीचा माणूस येतोय असं समजून दिवसभर ओटीवर बसून राहिले. संध्याकाळी फोन करून त्यांनी विचारलं, येताय ना नक्की, कोंबडी कापू का ठेवू? नेमका तो फोन साहेबांनी घेतला. सोमवारपर्यंत शब्द बदल, नाहीतर तूच बाहेर पड, असं त्यांनी जयवंतला तोंडावर सुनावलं. हा ढिम्म हलेना.

नोकरी घालवतोय मेला, म्हणून रविवारी मी कैनाडला त्याच्या घरी गेले. माझं नाही तरी बायकोचं ऐकेल, असा माझा बेत. पण वहिनी घरात दिसेनात. चहा त्यानेच केला. कुठे गेल्या म्हणून मी विचारलं.

“माहेरी. वर्ष होत आलं,” तो म्हणाला. “भांडण असं नव्हतं काही. पिशवी उचलली नि निघाली, बोललीच नाही. नुसतं ‘येते’ म्हणाली असती ना ताई, तर मला वाट तरी बघता आली असती.”

समजवायला आलेली मी, उठून दोघांचे कप विसळायला लागले. मग तोच म्हणाला, उद्या बदलतो, तुम्ही काळजी करू नका.

चपला घातल्या आणि त्याच्याकडे बघून नीट म्हटलं, “येते रे.”

सोमवारी त्याने मुकाट्याने ‘बाहेर पडा’ लिहिलं, नोकरी वाचली. पण मी शब्द देऊन बसले होते, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा कैनाडला गेले. दार सताड उघडं होतं आणि चुलीवर आम्हा दोघांच्या चहाचं आधण आधीच उकळत होतं.