रंभाबाईंची दुर्गम गिरणी

ज्या इमारतीत सहज शिरता येतं तिला पडकी जागा म्हणतात. शिरता येत नाही तिला वारसा म्हणतात. मुळशीच्या पाण्याकाठची भातगिरणी चाळीस वर्षं पडकी होती. गेल्या साली ती वारसा झाली, आणि पहिली अडचण निघाली ती रंभाबाईंची.

रंभाबाई त्या गिरणीत अकरा वर्षं चाळणीवर उभ्या होत्या. गिरणी बंद पडली तरी रोज दुपारी त्या तिथे जात आणि इंजिनाच्या चौथऱ्यावर पाय पसरून बसत. भर वैशाखातही तो दगड गार. शेजारी चाळणीवरच्या जुन्या सोबतीण गंगूबाई असायच्या. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून रंभाबाई दोघींच्या वाट्याचं एकट्याच बोलत.

आता 'दुर्गम औद्योगिक वारसा बहुसंवेदी अनुभूती प्रकल्पा'च्या नियमानुसार, दुर्गम जागेत जाणाऱ्यांची रोजची संख्या शून्य असावी लागते. पाहणीत ती एक भरली. कलादिग्दर्शक गौतमी पुण्याची, अत्यंत प्रामाणिक. तिने आकडा खोटा लिहिला नाही. जागाच दुर्गम करून घेतली. तारेचं कुंपण आलं, पहारेकरी आला, 'आत जाणे अशक्य' असा बोर्ड आला. (तो लावायला चार माणसं आत गेली होती.)

कुंपणापासून चाळीस पावलांवर शेड उभी राहिली. आत डोळ्यांवर चढवायचे चष्मे, थरथरणाऱ्या खुर्च्या, वाऱ्याचे पंखे आणि आंबेमोहोराच्या वासाच्या कुप्या. हिंजवडीहून गाड्या येऊ लागल्या. चौऱ्याण्णव टक्के लोकांनी 'अगदी प्रत्यक्षासारखं' असा शेरा दिला. उरलेले सहा टक्के गिरणीचे जुने कामगार निघाले.

रंभाबाईंना सन्मानाने बोलावण्यात आलं. गौतमीने स्वतः त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

"काय दिसतंय, आजी?"

"चाळणीवर कुनीतरी पोरगी हाय. हसतीया."

"त्या तुम्हीच."

"मी न्हाई. कोंडा उडायचा, तोंड उघडायची सोय नव्हती. आन् ह्यो वास कुटला? हितं डिझेलचा वास यायचा."

"डिझेलने प्रेक्षकांचं डोकं दुखतं, आजी."

"आमचं बी दुखायचं."

गौतमीने ते लिहून घेतलं. समोर चौथरा दिसत होता. रंभाबाईंनी हात पुढे करून चाचपला, पण हाताला काही लागेना. बराच वेळ त्या तशाच चाचपत राहिल्या.

"बसायचं कुटं?"

"बसण्याची अनुभूती पुढच्या टप्प्यात आहे."

रंभाबाईंनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. त्या बाहेर पडल्या, चाळीस पावलं चालल्या आणि कुंपणाशी वाकल्या. पहारेकरी एकनाथ त्यांच्याच भावकीतला. त्याने तार वर धरली.

गिरणीचं दार उघडंच होतं. शेडबाहेरच्या रांगेतल्या सगळ्यांना चौथऱ्यावर टेकलेली म्हातारी स्वच्छ दिसली.

"या की," ती म्हणाली. "जागा लई हाय."

रांग जागची हलली नाही. पियूष नावाच्या तरुणाने एक पाय उचलला होता, पण टोकन सत्तावीसचं होतं आणि पुकारा पंचविसाचा झाला होता. गौतमीने अहवालात त्या दुपारची नोंद 'थेट सादरीकरण' अशी केली; त्यालाही चांगले शेरे मिळाले.

वाचकहो, एवढं वाचताना आपल्याला नाकात कोंडा आणि पाठीला दगडाचा गारवा जाणवला असेल, तर तसं जरूर कळवा. नाहीतरी आपण जाणार नव्हताच.