तुंगाआजीचा खुबा

मुलांनो, आजीच्या वाट्याचं औषध तुमच्यापैकी कुणी कधी प्यायलंय का? नाही ना? मग ऐका.

एका जंगलात तुंगाआजी नावाची अस्वलीण राहायची. तिचा उजवा खुबा झिजला होता. उठता-बसता कळ यायची. टेकडीवर तिची धाकटी बहीण गोदा राहत असे. मोह फुलला की दोघींनी टेकडीवर भेटायचं, अशी त्यांची रीत होती. गेल्या खेपेला आजी अर्ध्या वाटेवरून परतली होती.

सुनेने, शेवंतीने, बगळ्याला बोलावलं. दिवसभर एका पायावर उभा राहणारा, म्हणजे त्याला पायांतलं कळणारच.

बगळा म्हणाला, "कुशीवर निजून वरचा पाय हळूच उचलायचा. हात न टेकता बसल्या जागेवरून उठायचं. रोज थोडं चालायचं. जास्त दुखलं तर कमी करा, पण सोडू नका. मोह फुलेपर्यंत टेकडी चढाल."

आजी लगेच कुशीवर वळली.

"अगंबाई!" शेवंती ओरडली. "सासूबाई, मी असताना तुम्ही पाय उचलणार? जंगल मला काय म्हणेल?"

"अगं, पण दुखतोय माझा!"

"म्हणून तर तुम्ही पडून राहायचं."

त्या जंगलात म्हाताऱ्यांचे कष्ट धाकट्यांनी करायची पद्धत होती. शेवंतीने पाय उचलायचं काम घेतलं. उठाबशा सशाकडे गेल्या. चालणं सांबराने मागून घेतलं. सगळे आजीचं नाव घेऊन मनापासून व्यायाम करत.

एकदा दुपारी सगळे पेंगलेले पाहून आजीने गुपचूप पाय उचलला. सशाने पाहिलं.

"आजी हलतेय! धरा, धरा!"

तिघांनी धरून तिला झोपवलं. शेवंती तर रडलीच.

मोह फुलला. बहिणीचा निरोप आला, 'वाट बघतेय.' तोवर आजीला कूसही बदलवेना.

बगळा तपासायला आला. "व्यायाम झाला का?"

"एक दिवस चुकवला नाही," ससा म्हणाला.

"आजींनी?"

"त्यांच्याच नावाने."

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला.

आजी म्हणाली, "आता तरी मला उठवा रे. मला गोदाला भेटायचंय."

"तुम्ही कशाला त्रास घेता?" शेवंती मायेने म्हणाली. "आम्ही आहोत ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जंगल धापा न टाकता टेकडी चढलं, आजीच्या वतीने गोदाला कडकडून भेटलं आणि आजीच्या वाटची मोहाची फुलं खाऊन परत आलं.

तात्पर्य : घरातल्या मोठ्यांची मनापासून सेवा करावी. सेवा करणाऱ्यांचे सांधे उत्तम राहतात.