थांबलेली गाडी आणि शिवातात्या

गाडी रखडली की खूश होणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. आमचे शेजारी शिवातात्या.

कोल्हापूरच्या आमच्या मंगळवार पेठेत तेव्हा घरटी स्कूटर आली होती. ज्याच्याकडे नव्हती तो माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपला लोंबकळत जायचा. तात्यांच्या मुलानं तर नवीकोरी मोटारसायकल घेतलेली. तरी दर सोमवारी तात्या मिरजेला बहिणीकडे जायचे ते पॅसेंजरनंच.

"तात्या, जीपनं गेला असता तर आत्ता जेवून झोपला असता," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "जीपवाला माणसं भरतोय का कांद्याची पोती? गाडी कशी, इसावा घेत जाती."

हा इसावा मी एकदा भोगला. मला मिरजेला डोळे दाखवायचे होते आणि जीपवाल्यांचा संप. निघाले तात्यांबरोबर. गाडी कोल्हापुरातच तटून बसली. सुटली ती रुकडीला पुन्हा थांबली. पंखा बंद, नळ कोरडा. तात्या मात्र दारात मांडी घालून शेंगा फोडत होते.

"वैनी, आज बेस चाललीया बगा!"

"हिच्यापेक्षा म्हशीवर बसून गेले असते."

"म्हस हातकणंगल्याला थांबंल व्हय?"

उन्हानं डोकं फिरलं असेल, असं मला वाटलं.

हातकणंगले आलं. तात्यांनी पाय आणखी आत ओढून घेतले. फलाटावरून एक बाई कडेवर पोर घेऊन पळत आली. बघते तर शालन, तात्यांची लेक!

शालननं परजातीत लग्न केलं तेव्हा तात्यांनी भर चौकात जोतिबाची शपथ घेतली होती, तिच्या सासरच्या गावात, हातकणंगल्यात, पाय ठेवणार नाही म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकली होती. शपथ ते पाळत होते. पाय गाडीत होते, बाकीचे तात्या निम्मे दाराबाहेर.

"गेल्या सोमवारी गाडी येळंवर आली," शालन म्हणाली. "नुसता डबा द्यायला घावला."

"आज क्रॉसिंग हाय, समोरची गाडी जाईस्तोवर ही हलत न्हाय!" तात्या लग्नाची बातमी सांगावी तसे म्हणाले. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

मला राहवलं नाही. "उतरा की खाली! देव काय तुमचे पाय बघत बसलाय?"

"शपथ हाय, वैनी."

शालन डब्यातली पोळी मोडून बापाच्या हातावर ठेवत राहिली.

मागून एकजण ओरडला, "काय ही गाडी! हलतीया का न्हाय?"

"पावणं," मी म्हटलं, "एवढी घाई असंल तर चालत जावा."

तेवढ्यात समोरची गाडी धडधडत निघून गेली. हिरवा झेंडा हलला. नात टोपी सोडेना. तात्यांनी तिला शालनच्या हातात दिलं, टोपी तिच्याच डोक्यावर राहू दिली, आणि गार्डाच्या डब्याकडे बघत जन्मात पहिल्यांदा गाडीला शिवी हासडली.

"हिच्या मायला, एवढ्यात?"