मामंजींच्या खाटेवर प्रेमाकाकू

मला फसवणारा माणूस अजून मुलुंडात जन्माला यायचाय! नारळ मी कानाशी हलवल्याशिवाय घेत नाही, कलिंगड टिचकी मारल्याशिवाय घेत नाही, आणि आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात ह्यांनाच मी गच्चीपर्यंत चालून दाखवायला लावलं होतं!

त्यामुळे मामंजी, म्हणजे माझे सासरे, न्हाणीघरात घसरले, मांडीचं हाड जोडून घरी आले आणि डॉक्टर म्हणाले, "यांना लगेच शुश्रूषागृहात ठेवा. रोज व्यायाम हवा, नाहीतर पाय लाकडासारखा होईल," तेव्हा शुश्रूषागृहाची परीक्षा कोण घेणार हा प्रश्नच नव्हता.

टेकडीखाली एका ट्रस्टचं शुश्रूषागृह होतं. धर्मादाय. एकच खाट रिकामी, बाई येवो वा पुरुष, तिकडच्या वॉर्डात सरकवायची. मी जाऊन बघितलं. फरशी अशी चकचकीत की वाकले तर माझाच संशयी चेहरा मला दिसला. चादरी बगळ्याच्या पंखासारख्या. म्हाताऱ्या बायका एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या. मेट्रन कुंदाबाई तर माझ्याशी इतक्या गोड बोलल्या, इतक्या गोड, की माझ्या मनात पाल चुकचुकली!

"अहो, तिथं कुणी कण्हत नाही," मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. "आयाबाई खेकसत नाही. फिनेलचा वाससुद्धा नाही. काहीतरी लपवताहेत!"

"चांगलं असेल गं!"

"चांगलं असतं तर खाट रिकामी राहिली असती का?"

यावर ह्यांनी पेपरात डोकं घातलं.

मी ठरवलं, आत आपला माणूस पेरायचा. आमच्या मागच्या चाळीत प्रेमाकाकू राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. यजमानांची गिरणी संपात बंद पडली, तेव्हापासून तीन मुलगे, तीन सुना आणि नातवंडांच्या भाकऱ्या उभ्यानं थापून काकूंचे गुडघे कुरकुरायचे. नव्या पेशंटाला याहून चांगलं दुखणं कुठून आणायचं?

"माका?" काकू दचकल्या. "आणि भाकऱ्यो कोण भाजतलो?"

"आठच दिवस, काकू! आत काय चालतं तेवढं कळवायचं."

"अगं, रिकामी खाट एकच," हे कळवळले, "आणि तीवर तू हेर झोपवणार? माझ्या अप्पांनी झोपायचं कुठं?"

मी लक्ष दिलं नाही. प्रश्न होता तो कळवायचं कसं. भेटीच्या वेळी कुंदाबाई दारातच उभ्या असणार! पण काकूंच्या गळ्यात जात्यावरच्या ओव्या भरलेल्या. मी म्हटलं, "आत चांगलं असेल तर माहेरची ओवी म्हणायची. वाईट असेल तर सासुरवासाची. बाकी एक अक्षर बोलायचं नाही!"

पहिल्या भेटीला गेले. काकू लोडाला टेकून बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला,

"सासरच्या दाराला, लोखंडाची गं कडी,
सांगा माझ्या भावाला, येई रे एका घडी!"

माझ्या अंगावर काटा! दाराला कडी! म्हणजे कोंडून ठेवतात! शेजारच्या खाटेवरच्या आजी पदरानं डोळे पुसू लागल्या. बघा, साक्षीदारसुद्धा!

पुढच्या भेटीला तर कहर झाला.

"सासूबाई वाढीते, ताटात थोडा भात,
उपाशी मी निजले, चांदण्या मोजी रात!"

काकूंचे गाल जरा वर आलेले वाटले. सूज! उपाशी माणसाला सूज येते, हे मी कुठंतरी वाचलं होतं. दारातून कुंदाबाई म्हणाल्या, "काय गोड गळा आहे हो!" मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जागच्या जागी गुन्हा कबूल केला असता.

घरी मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "सुनबाई, कळलं का गं काही? पाय जड होत चाललाय."

"मामंजी, तुम्ही थोडक्यात वाचलात!"

दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळाच्या विमलाला सगळं सांगितलं. तिनं हातातली कणीक तशीच टाकली. "शुभा, मोर्चा! लाटणी घेऊन!"

चहाच्या वेळेला आम्ही शुश्रूषागृहाच्या फाटकात घुसलो. "दाराच्या कड्या काढा! पोटभर जेवण द्या!" लाटणी ताटांवर बडवत आम्ही असा गजर केला की झाडावरचे कावळे टेकडीपलीकडे गेले. व्हरांड्यात जयवंत नावाचा एक गृहस्थ आजोबांना भेटायला आला होता. त्यानं आमच्या घोषणा ऐकल्या मात्र, आजोबांना उचललं, रिक्षात घातलं आणि पसार! आजोबा रिक्षातून ओरडत होते, "अरे, माझा शिरा राहिला!"

आम्ही वॉर्डाचं दार ढकललं. दाराला कडीच नव्हती. आत प्रेमाकाकू ऊन पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसलेल्या, हातात वाफाळता कप, भोवती सगळ्या म्हाताऱ्या टाळ्यांचा ठेका धरून,

"माहेरी गं बाई, कसली आली घाई,
हातात चहा देते, कुंदाबाई माझी आई!"

ठेका थांबला. माझं लाटणं हवेतच राहिलं.

"काकू! ही तर माहेरची ओवी!"

"मग?"

"मग मला सासरच्या का ऐकवल्यात?"

काकूंनी कप खाली ठेवला. "चेडवा, माहेराची गायलंय असतंय, तर तू दुसऱ्या दिसाक म्हाताऱ्याक हय हाडलं असतंस आणि माका घराक धाडलं असतंस. उभ्या जन्मात बसल्या जाग्यार कोणी माझ्या हातात चाय दिल्यान नाय गो. म्हटलंय, दोन दिस अजून खावया."

मंडळाच्या बायका हळूच लाटणी पदराआड लपवू लागल्या. विमला तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

कुंदाबाई पुढं आल्या. "यांचे गुडघे खरंच झिजलेत. महिनाभर मी यांना उठू देणार नाही. घरच्या सुनांना थापू दे भाकऱ्या."

"आणि आमचे मामंजी?" माझा आवाज उंदराएवढा झाला होता. "त्यांचा पाय कायमचा जाईल हो!"

"तुमच्या मोर्चानं पुरुषांकडची एक खाट आत्ताच रिकामी केली. ती देते. पण एका अटीवर. ते पूर्ण बरे होईपर्यंत तुम्ही या फाटकात पाऊल टाकायचं नाही."

घरी येऊन मामंजींना अट सांगताना मला रडूच फुटलं. इतकी काळजी करणाऱ्या सुनेची आठवडेच्या आठवडे भेट नाही, म्हाताऱ्या जिवाला केवढं लागेल!

पडल्यापासून कूस बदलायलाही दोन माणसं लागणारे मामंजी, कुणाचा हात न धरता ताडकन उठून बसले.

"विद्याधर, रिक्षा आण!" ते ह्यांच्याकडे बघून गरजले. "आणि सुनबाई, ती अट त्यांच्याकडून कागदावर लिहून घे हो!"