दोन रिंग म्हणजे सगळं ठीक

सकाळी नऊ वाजता बेबीच्या घरातला फोन एकदाच वाजला आणि गप्प झाला.

चहाचा कप हातात धरून बेबी फोनकडे बघत उभी राहिली. बेबीचं वय अडुसष्ट. शेंडेफळ म्हणून पाळण्यात असताना जे नाव चिकटलं, ते पुढे कुणी काढायच्या भानगडीत पडलं नाही.

"अहो, एकच वाजली!"

तिचा नवरा खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी लोक त्याला घड्याळजीच म्हणत आणि तो घरीच दुकान मांडून बसे.

"वाजली ना? मग झालं."

"दोन वाजायला हव्यात. एक म्हणजे काय?"

घड्याळजींनी भिंग काढलं. एक म्हणजे काय, हे कधी ठरलंच नव्हतं.

दोन म्हणजे काय, ते मात्र चौतीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. तेव्हा परगावी फोन करणं ही चैन होती. थेट नंबर फिरवता येऊ लागला होता, तरी मिनिटामिनिटाला पैसे पडत, आणि लागला की असं ओरडायचं की फोन नसता तरी पलीकडच्या गावात ऐकू गेलं असतं. बेबीची थोरली बहीण आक्का दोन तासांच्या अंतरावर राहायची. ती हेडमास्तरीण, त्यामुळे दोन्ही घरांत फोन आले त्याच दिवशी तिने नियम घालून दिला. सकाळी नऊला आक्काने दोन रिंग देऊन फोन ठेवायचा, म्हणजे आक्का ठीक. मग बेबीने दोन द्यायच्या, म्हणजे बेबी ठीक. उचलायचा नाही. तिसरी वाजली तर मात्र उचलायचा, कारण तिसरी म्हणजे संकट.

तिसरी रिंग आजवर दोनदाच वाजली होती. एकदा वडील गेले तेव्हा, एकदा आक्काचे यजमान गेले तेव्हा. पुढे फोन स्वस्त झाले, पण करार तसाच राहिला. बोलायचं दोघी टाळतच. फोनवर आवाज ऐकू आला, की कोण गेलं, हेच पहिलं मनात यायचं.

आणि कालच बेबीच्या मुलाने येऊन जुना फोन काढला आणि इंटरनेटवरचा नवा बसवला होता. "नंबर तोच राहील आई," तो म्हणाला होता, "पण आता मावशीशी दिवसभर बोललीस तरी फुकट. पुढे तर असा डबाही लागणार नाही. भिंतीशी बोललं तरी मावशीला ऐकू जाईल."

"भिंतीशी मी रोजच बोलते," घड्याळजींकडे बघत बेबी म्हणाली होती.

आज मात्र तिला विनोद सुचत नव्हता. "दुसरी रिंग द्यायच्या आत पडली असेल हो ती. हातातून रिसीव्हर सुटला असेल."

"तू आपल्या दोन दे. ती उत्तर देईल."

बेबीने नंबर फिरवला, कानात दोन रिंग मोजल्या आणि ठेवला. तिला काय माहीत, की या नव्या फोनमध्ये आपल्या कानात वाजणारी रिंग आणि पलीकडे वाजणारी रिंग यांचा मेळ बसेलच असं नाही! सकाळी आक्काने नेमाने दोन दिल्या, तर इकडे एकच पोचली. आता बेबीने दोन मोजल्या, तर तिकडे तीन वाजल्या.

दोन तासांच्या अंतरावर आक्काने तिसरी रिंग मोजली. तिने रिसीव्हर उचलला. पलीकडे कुणीच नव्हतं.

"बेबी? अगं बोल ना! घड्याळजी?"

काही नाही. आक्काने उलट फोन लावला. एंगेज. लागेल कसा? बेबी त्या वेळी मुलाला फोन करत होती.

"अरे, मावशीची एकच रिंग आली!"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. सरळ फोन लाव आणि बोल ना तिच्याशी. फुकट आहे सांगितलं ना?"

"आणि नाही उचलला तर?"

"तर परत लाव!"

नाही उचलला तर काय, हे त्याला कळायचं नाही, असं बेबीला वाटलं. तरी तिने मन घट्ट करून नंबर फिरवला. एंगेज. पाच मिनिटांनी परत एंगेज. कारण तिकडे आक्काही हिचा नंबर फिरवत होती आणि तिलाही एंगेजच लागत होतं. दोघीही हट्टी, त्यामुळे कुणीच थांबेना.

"रिसीव्हर खाली लोंबतोय," बेबी म्हणाली. "ती जमिनीवर आहे आणि रिसीव्हर लोंबतोय."

साडेनऊला मात्र रिंग गेली. तीन, चार, दहा, वीस. कुणी उचलला नाही. बेबीने मुकाट्याने साडी बदलली.

"मी येतो," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही फोनपाशी बसा. कुठे हलू नका. आणि गोळ्या माझ्या पर्समध्ये टाका आधी."

बस रस्ताभर रखडत होती. प्रत्येक थांब्यावर बेबीला वाटे, याच मिनिटाला आक्का पाणी मागत असेल. अरुंद पुलाशी समोरून एक बस आली आणि बेबीच्या बसला थांबावं लागलं. "आत्ताच यायचं होतं हिला!" बेबी त्या बसवर चिडली. तिकडच्या खिडकीत कोण बसलंय, ते बघायचं तिच्या मनातही आलं नाही. खिडकीत पिशवी मांडीवर घेऊन आक्का बसली होती आणि तीही या बसवर तेवढीच चिडली होती.

आक्काच्या दाराला कुलूप होतं. बेबीने ते दोनदा ओढून पाहिलं. मग हॉस्पिटलात नेलं असणार, की त्याच्याही पुढे? एवढ्यात घरात फोन वाजू लागला. एक, दोन, तीन. तिसऱ्या रिंगला बेबी मटकन पायरीवर बसली.

शेजारच्या घरातून निवृत्त नर्सबाई बाहेर आल्या. "तुम्ही बेबी ना? अहो, तुमच्या बहीणबाई तर सकाळीच गेल्या. बेबीचं काहीतरी झालंय म्हणाल्या आणि पळाल्या. म्हणजे आता पळणं कुठलं म्हणा, काठी टेकत."

"आक्का काठी टेकते?"

"पडल्या तेव्हापासून. चार महिने झाले की. म्हणून तर एक किल्ली माझ्याकडे असते."

"पण रोज नऊला दोन रिंग येत होत्या!"

"यायच्याच. पाय प्लास्टरमध्ये असताना मी धरून न्यायची फोनपर्यंत."

बेबीने किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली. फोन वाजतच होता. अकराव्या की बाराव्या रिंगला तिने तो उचलला.

"कोण आहे?" पलीकडून हेडमास्तरणीचा आवाज आला. "माझ्या घरात कोण शिरलंय?"

"आक्का!" बेबी रडायलाच लागली. "तू आहेस?"

"मी आहेच! तुझ्या घरात आहे. तू धड आहेस ना?"

मिनिटभर दोघी नुसत्या हुंदके देत होत्या. मग बेबीने डोळे पुसून घराकडे नीट पाहिलं. न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला स्टीलचा दांडा बसवलेला होता. कॉट खालच्या खोलीत आणली होती. खिडकीत औषधांच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

"आक्का, न्हाणीघरात दांडा कशाला बसवलाय?"

"तुला सांगून काय करायचं होतं? तू धावत आली असतीस, बस."

"पाय मोडला आणि मला दोन रिंग देतेस? सगळं ठीक म्हणून?"

"तू मला विचारतेस? घड्याळजींनी आत्ता सांगितलं, मागच्या वर्षी तुझ्या हृदयात स्प्रिंग बसवली म्हणून!"

"स्टेंट म्हणतात त्याला," मागून घड्याळजींचा पडेल आवाज आला. "मी आपलं समजावं म्हणून स्प्रिंग म्हटलं."

"तुम्ही गप्प बसा हो! बेबी, ऑपरेशनच्या दिवशी मला दोन रिंग कुणी दिल्या?"

"यांनी दिल्या. मी सांगून गेले होते."

"म्हणजे वर्षभर मी खोट्या रिंगा ऐकते आहे!"

"आणि मी चार महिने काय ऐकतेय?"

मग दोघींचं जे सुरू झालं, त्यात चौतीस वर्षांचं तुंबलेलं सगळं वाहून निघालं. दांडा, स्प्रिंग, शुगर, मोतीबिंदू, कोण कुणाला भेटायला आलं नाही, वडिलांच्या शेवटच्या दिवशी कोण काय बोललं. आक्का रागावली, बेबी रागावली, दोघी रडल्या, मग कशावरून तरी इतक्या हसल्या की घड्याळजींनी घाबरून स्प्रिंगचं काय होईल म्हणून विचारलं. नर्सबाई मध्येच स्टूल ठेवून गेल्या. बेबी त्यावर बसली. चार वाजले तरी दोघींपैकी कुणीही ठेवते म्हणाली नाही.

तिकडे मीटिंग संपवून मुलाने जेवताना सहज घरी फोन लावला होता. एंगेज. मावशीकडे लावला, तिथेही एंगेज. अर्ध्या तासाने परत तेच. एक तासाने परत तेच. मग त्याला सकाळची ती एक रिंग आठवली आणि तो तडक निघाला.

पाच वाजता तो बसस्टँडवर उभा होता, हातात इंटरनेटवाला मोबाइल, दोन्ही नंबर एंगेज, आणि समोर सुटायला आलेल्या दोन बसपैकी, एक आईच्या गावची, एक मावशीच्या, कुठली पकडावी, हे काही त्याला ठरवता येत नव्हतं.