गाढवापुढचं बंद दार

गेमवाल्याने गेम बनवणं सोडून बँकांचं सॉफ्टवेअर लिहायची नोकरी धरली, ती निव्वळ चाहत्यांना कंटाळून. घर हरवलेल्या एका गाढवाचा गेम त्याने एकट्याने खपून बनवला आणि तो लोकांना आवडला, तिथेच सगळी पंचाईत झाली. दुसरा भाग कधी, दुसरा भाग कधी, असं विचारून लोकांनी त्याला भंडावून सोडलं. बहिणीच्या लग्नाच्या फोटोंखाली तेच. सासरे गेल्याची बातमी टाकली, तर खाली दोन शब्द हळहळीचे आणि लगेच, गाढव घरी कधी पोचणार? शेवटी वैतागून त्याने लिहिलं, "मला सुखाने जगू द्या," आणि सोशल मीडियावरचं खातं कायमचं बंद करून टाकलं.

लोक गुणी निघाले. त्यांनी खरंच जगू दिलं.

नव्या ऑफिसात खुर्ची मऊ होती. एक बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावर बैठकांमागून बैठका चालायच्या. त्याचं काम कुणाला आवडतही नव्हतं आणि खुपतही नव्हतं, त्यामुळे कुणी काही विचारायचं नाही. हळूहळू त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. गाढवाची आठवण यायचीच, पण त्याहून जास्त यायची ती त्या विचारणाऱ्यांची. आपली कुणीतरी वाट बघतंय, हे सुख गेल्यावरच कळतं, आणि त्याला ते चांगलंच कळलं होतं.

एका रविवारी दुपारी न राहवून तो खोट्या नावाने चाहत्यांच्या ग्रुपात शिरला आणि भीतभीत विचारता झाला, दुसरा भाग कधी येणार?

सगळा ग्रुप त्याच्यावर तुटून पडला. माणुसकी आहे की नाही, असं एकाने विचारलं. ग्रुप चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी बजावलं, की सरांना त्रास होईल असा प्रश्न इथे विचारायचा नाही, ते आता सुखात आहेत. नाहीयेत, असं त्याने लिहिलं. तुला काय ठाऊक, असं ताईंनी विचारलं.

मग पटवून द्यायला त्याने गुपितच फोडलं. गेमच्या शेवटी एक निळं दार लागतं, ते कधीच उघडत नाही. त्यामागे काहीही नाही, बनवायचं राहून गेलंय, असं त्याने सांगून टाकलं. ते शंभर टक्के खरं होतं.

"त्या दारावर आमचा वर्षानुवर्षं अभ्यास आहे," ताईंनी उत्तर दिलं. "आत गाढवाची आई आहे. सरांची बदनामी खपवून घेणार नाही." आणि त्याला हाकलून दिलं.

तो स्वयंपाकघरात गेला. "मला काढून टाकलं," तो बायकोला म्हणाला.

तिच्या हातातली सुरी थांबली. "नोकरीवरून?"

"गेमच्या ग्रुपातून. मी मला त्रास देतो म्हणून."

ती पोट धरून हसली. मग त्याचा चेहरा बघून तिने सुरी खाली ठेवली. "एवढं वाटतंय, तर खऱ्या नावाने जा की," ती म्हणाली.

नवं खातं काढून तो खऱ्या नावाने गेला. लिहिलं, "मीच आहे. तुमची फार आठवण येते."

उत्तर लगेच आलं. सरांचं सोंग घेताना लाज वाटत नाही का, सर असं रडकं कधीच लिहिणार नाहीत. पुन्हा हकालपट्टी.

त्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मग खुर्ची पुढे ओढून त्याने गाढवाचं जुनं काम उघडलं. तो खरा की खोटा, हे आता फक्त ते निळं दारच सांगू शकत होतं.

"आईची शेपटी कशी करू?" बऱ्याच वेळाने त्याने हाक मारून विचारलं. "बारीक की झुपकेदार?"

"आधी दार तर उघड," बायको आतून म्हणाली.